गाडीतच राहायचं, गाडीतच काम करायचं: भंडाऱ्याच्या उन्हात कोणती गाडी टिकेल?

साकोलीचा माझा एक मित्र आहे. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम करतो, पण करोनापासून घरूनच. गेल्या वर्षी त्याच्या आईचं आजारपण निघालं आणि दर पंधरा दिवसांनी नागपूरच्या दवाखान्यात जाणं सुरू झालं. साकोली ते नागपूर साधारण शंभर किलोमीटर. आई आत, हा बाहेर जिन्यात. मांडीवर लॅपटॉप, कानात इअरफोन, मागे कुणाकुणाच्या नावाचा पुकारा. मॅनेजरने दोनदा विचारलं, "तू नेमका बसलायस कुठे?"

मग एका रात्री त्याचा मेसेज आला. सोबत एका जुन्या ट्रॅव्हलरचा फोटो. "शाळेची गाडी होती. चार लाख सांगतो आहे. आत बेड टाकतो, टेबल टाकतो, वर सोलर. आई झोपेल, मी काम करीन. नंतर तर यातच राहीन, भाडंच नको. रविवारपर्यंत दहा हजार बयाणा द्यायचा आहे. घेऊ का?"

मी 'घे' म्हणणारच होते. रील्स मीही बघते. पण चार लाख म्हणजे त्याची दोन वर्षांची बचत, त्यामुळे आधी चार लोकांशी बोलून, कागद बघून सांगते म्हटलं. त्यातून जे कळलं ते इथे लिहिते आहे, कारण हा प्रश्न आता त्याच्या एकट्याचा उरलेला नाही. घरून काम करणारी, गावाकडे परतलेली किती तरी पोरं हेच विचारत आहेत.

आधी नावं समजून घेऊ

इंजिन आणि घर एकाच गाडीत असेल तर ते मोटरहोम किंवा कॅम्पर व्हॅन. घर वेगळं आणि ते कारच्या मागे ओढायचं असेल तर तो कॅराव्हॅन ट्रेलर. आपल्याकडे बोलताना सगळ्यालाच कॅराव्हॅन म्हणतात, सरकारी कागदातही तोच शब्द आहे. आणि हो, जाहिरातीत 'कॅम्पर' शोधाल तर महिंद्राची बोलेरो कॅम्पर पुढे येईल. ती कॅबिनवाली पिकअप आहे, तिच्यात राहायचं काही नसतं.

अमेरिकेत अशा गाड्यांसाठी ठरलेले तळ असतात. गाडी लावली की शेजारी विजेचा खांब, पाण्याचा नळ, मैल्याचा पाइप जोडायची सोय. तिथल्या गाड्या हे सगळं मिळणार असं धरूनच बनवलेल्या असतात. साकोलीत, लाखनीत किंवा पवनीत असा खांब तुमची वाट बघत उभा नाही. त्यामुळे तिकडची 'टॉप टेन' यादी इथे फारशी कामाची नाही. आपल्याला उलटीकडून सुरुवात करावी लागते. गाडी नंतर, आधी ऊन.

नवतपात पत्र्याच्या डब्यात

भंडारा जिल्ह्यात मे महिन्यात पारा 44-45 अंशांना शिवतो. नवतप्याचे दिवस तर विचारूच नका. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीच्या आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा सहज दहा-पंधरा अंशांनी वर जातं. आणि बहुतेक लॅपटॉप कंपन्या त्यांचं यंत्र 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असं सांगतात. म्हणजे माणसाच्या आधी लॅपटॉप हात टेकणार.

"एसी लावू ना," हे सगळ्यांचं पहिलं उत्तर असतं. हिशोब करून बघा. एक टनाचा एसी तापलेल्या गाडीत तासाला साधारण एक युनिट खातो, कारण त्याला थांबायला उसंतच मिळत नाही. आठ तासांचे सात-आठ युनिट. 12 व्होल्टची 200 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी, जी अशा गाड्यांमध्ये सर्रास टाकतात, तिच्यात जेमतेम अडीच युनिट मावतात. छतावर 400 वॉटचं एक पॅनल टाकलं तर स्वच्छ उन्हाच्या दिवशी दीडेक युनिट मिळतं. म्हणजे एका दिवसाच्या एसीसाठी पाच दिवसांचं ऊन गोळा करायचं. एसी हवाच असेल तर घराच्या, लॉजच्या किंवा ओळखीच्या राइस मिलच्या प्लगला गाडी जोडलेली असली पाहिजे.

यावर विदर्भाचं स्वतःचं उत्तर आहे, कूलर. आपल्याकडचं ऊन कोरडं असतं, आणि कोरड्या हवेत पाणी उडून जाताना हवा खरोखर गार करतं. बॅटरीवर चालणारा लहान कूलर पन्नास-साठ वॉटमध्ये भागतो. मुंबई-कोकणातल्या व्हिडिओंमध्ये कूलरला कुणी विचारत नाही, तिथल्या दमट हवेत तो कामाचा नाही. इथे एप्रिल-मेमध्ये तो एसीची गरज बऱ्यापैकी कमी करतो. मात्र एका बाजूची खिडकी उघडी हवी, नाहीतर आतली हवा ओली होते आणि गार होणं थांबतं. पाऊस लागला की त्याचा उपयोग संपला. जुलैच्या उकाड्यात पंखाच.

पण कूलर पाणी पितो. दिवसभर चालवला तर लहानसाही पंचवीस-तीस लिटर. दोन माणसांना पिणं, स्वयंपाक, भांडी, अंगावर चार तांबे यासाठी काटकसरीने आणखी तीसेक लिटर. दोन दिवस पुरेल एवढं पाणी म्हणजे सव्वाशे लिटर, म्हणजेच सव्वाशे किलो. ऊन ठरवतं पाणी किती लागणार, पाणी ठरवतं वजन किती होणार, आणि वजन ठरवतं गाडी कोणती घ्यायची.

कूलरच्याही आधीचा खर्च आहे तो पत्रा झाकण्याचा. छत आणि बाजूंना आतून एक इंचाचा दाट फोम किंवा नायट्राइल रबरचा थर, वर पातळ प्लाय. उघड्या राहिलेल्या लोखंडी पट्ट्यासुद्धा झाकायच्या, उष्णता तिथूनच आत येते. छत पांढरं असेल तर फरक हाताला जाणवतो. रंग बदलला तर तो आरसीवरही बदलावा लागतो, हे मात्र पेंटर सांगत नाही.

मग येतो मला सगळ्यात अवघड वाटलेला पेच: सावली की सोलर? आंब्याखाली गाडी लावली तर तुम्ही वाचता, बॅटरी मरते. उन्हात लावली तर उलटं. यावर उपाय म्हणजे निम्मी पॅनलं छतावर आणि एक सुटं पॅनल, दहा मीटर वायरसह. गाडी सावलीत, पॅनल उन्हात. रात्री ते उचलून आत घ्यायचं, विसरलात तर सकाळी दिसेलच याची खात्री नाही.

एसी सोडला तर वीज किती लागते?

फारशी नाही. लॅपटॉप नऊ तास, वायफाय राउटर, दोन मोबाइल, कमी वॉटचा डीसी पंखा जवळपास दिवसरात्र, दोन दिवे, छोटा 12 व्होल्टचा फ्रिज. सगळं मिळून दिवसाला दीड ते पावणेदोन युनिट. वर सांगितलेली लिथियम बॅटरी आणि 400 वॉटची दोन पॅनलं असली की पावसाळी दिवससुद्धा ओढून नेता येतो. गाडी चालताना इंजिनवरून बॅटरी भरणारा डीसी चार्जर बसवा. साकोली-नागपूर दोन तासांच्या प्रवासात अर्धा-पाऊण युनिट तोच देतो.

घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी स्वस्त पडते म्हणून तीच टाकायचा मोह होतो. ती साठ किलोच्या आसपास भरते, निम्म्याच्या खाली उतरवली तर लवकर संपते आणि चार्ज होताना तिच्यातून गॅस सुटतो. झोपायच्या जागेखाली नको. लिथियमलाही उष्णता सोसत नाही, तिला इंजिनजवळच्या बंद कप्प्यात कोंबू नका.

नेटचं सोपं आहे. दोन वेगळ्या कंपन्यांची सिम घेणारा राउटर घ्या. महामार्गाला, तालुक्याच्या गावांना अडचण नाही. पिटेझरीकडून नागझिऱ्याच्या जंगलाकडे वळलात किंवा कोक्याच्या बाजूला गेलात की कॉल ठेवू नका.

गॅसबद्दल एकच गोष्ट. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून खिडकी असून भागत नाही, सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर जाणारं भोक लागतं. आणि चालू शेगडी ठेवून कुणीही झोपायचं नाही. टॉयलेटसाठी सुटी टाकी असलेलं पोर्टेबल कमोड पुरतं, पण ती टाकी घराच्या किंवा ओळखीच्या शौचालयातच रिकामी करायची. जिल्ह्यात जागोजागी मालगुजारी तलाव आहेत म्हणून तिकडे वळू नका. लोक तिथून मासे धरतात, शेतीला पाणी घेतात.

मग गाडी कोणती?

मारुती ईको: लांबी पावणेचार मीटरही नाही, गल्लीबोळात जाते, कुठलाही मेकॅनिक दुरुस्त करतो. आत उभं राहता येत नाही. इंजिन पुढच्या सीटखाली असल्याने लांब प्रवासात बूड भाजतं. एकट्या माणसाला महिन्यातले काही दिवस राहायला ठीक. बारा महिने राहायचं तर पाठीचा डॉक्टर शोधून ठेवा.

टाटा विंगर: हिची ताकद पुढच्या चाकांना जाते, त्यामुळे मागे खालून जाणारा दांडा नाही आणि फ्लोअर खाली बसतो. चढ-उतार करायला, विशेषतः आजारी माणसाला, सोपी. पण मागे वजन वाढवलं आणि धानाच्या बांधीजवळच्या ओल्या मातीत उतरलात की पुढची चाकं तिथल्या तिथे फिरत राहतात.

फोर्स ट्रॅव्हलर: आपल्याकडच्या बहुतेक मोटरहोम हिच्यावरच बांधल्या जातात आणि त्याला कारण आहे. उंच छताच्या मॉडेलमध्ये सरासरी उंचीचा माणूस उभा राहू शकतो. पूर्णवेळ राहणाऱ्यासाठी ही चैन नाही, पँट घालताना रोज कळतं. डिझेल इंजिन, मागची चाकं ओढणारी, पाटे मजबूत, सुटे भाग नागपुरात मिळतात. ही पुण्याची कंपनी म्हणजे जुनी बजाज टेम्पो, ज्या नावावरून आपण आजही कुठल्याही मालगाडीला टेम्पो म्हणतो. 'मॅटॅडोर'ही त्यांचीच.

फोर्स अर्बेनिया: हिचं सस्पेन्शन आणि सुरक्षेची रचना ट्रॅव्हलरपेक्षा बरीच पुढची. किंमतही तशीच, तिसेक लाखांच्या घरात, आणि आतलं काम वेगळं. ज्याला परवडते त्याने हा लेख इथे थांबवला तरी चालेल.

ट्रेलरचा एक फायदा खरा आहे. घर एका जागी सोडून कार घेऊन फिरता येतं. पण ट्रेलरची नोंदणी वेगळी करावी लागते, ओढणाऱ्या कारमध्ये तेवढी ताकद लागते आणि गावातल्या रस्त्यावर ट्रेलर रिव्हर्स घेणं म्हणजे परीक्षा. ट्रॅक्टरची ट्रॉली मागे घेता येते त्याला हे जमेल, बाकीच्यांनी आधी रिकाम्या मैदानात बघावं.

माझं मत विचाराल तर पूर्णवेळ राहून काम करायचं असेल तर मधल्या लांबीची, उंच छताची ट्रॅव्हलर. सगळ्यात मोठी नको. लांब गाडी दिसायला घर वाटते, पण तुमसरच्या बाजारात वळवताना घरच वाटते. सुतारकामात हात आखडता घ्या. 18 मिलिमीटरच्या प्लायची आठ बाय चारची एक शीट तीस किलोच्या वर भरते. पाच-सहा शीट, त्यावर सनमायका, त्यात पाणी, बॅटरी, माणसं. काम झाल्यावर गाडी वजनकाट्यावर नेऊन आरसीवरच्या एकूण वजनाशी ताडून बघा, धानाच्या बाजारपेठेत काट्यांना तोटा नाही. एकूण वजन 7,500 किलोच्या आत असेल तर साधं कारचं लायसन्स, म्हणजे एलएमव्ही, चालतं.

कागद: खरा खड्डा इथे आहे

ऑगस्ट 2021 मध्ये केरळात 'ई बुल जेट' नावाच्या यूट्यूबर भावांची 'नेपोलियन' ही कॅराव्हॅन परिवहन विभागाने जप्त केली. कारण, परवानगी न घेता केलेले बदल. प्रकरण अटकेपर्यंत गेलं. लाखो लोकांनी व्हिडिओत बघितलेली गाडी सरकारी आवारात उभी राहिली.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की आरसीवर नोंदलेल्या, म्हणजे उत्पादकाने दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळा बदल परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 च्या निकालात हे आणखी स्पष्ट केलं. सीट काढल्या तर सीटची संख्या बदलते, ती आरसीवर आहे. छत कापून वाढवलं, तो तर सरळ सांगाड्याला हात. बदल कळवला नसेल तर अपघातानंतर विमा कंपनीला बोट ठेवायला आयती जागा मिळते.

कायदेशीर वाट आहे. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 नावाचं मानक आहे. त्यानुसार गाडीत बसायची जागा आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवायची जागा लागते, आणि हे सामान पक्कं बसवलेलं हवं. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था त्याची तपासणी करतात. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा नोंदणीतला वेगळा वर्ग आहे. म्हणून बॉडी बांधणाऱ्याला पहिला प्रश्न "किती घेणार?" हा नाही, "मंजुरी आहे का आणि पासिंग कोण करून देणार?" हा विचारा. तो हसला तर दुसरीकडे जा.

जुनी शाळेची गाडी स्वस्त मिळते, तिचं कारणही इथेच आहे. ती पिवळ्या पाटीची, म्हणजे व्यावसायिक वाहन. ती खासगीत आणायची तर परमिट रद्द करायचं, कराचा फरक भरायचा, फिटनेस करायचं, कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत आणायचं, रंगही बदलायचा. टोलनाक्यावर मिनीबसचा दर कारपेक्षा जास्त असतो, हेही महिन्याच्या हिशोबात धरा.

मित्राला मी आरसीचा फोटो मागायला सांगितलं. विकणाऱ्याने दोन दिवस टाळलं, मग पाठवला. पहिल्या फोटोत नंबरप्लेट का कापलेली होती ते तेव्हा कळलं. गाडी एमएच-36 नव्हतीच, मध्य प्रदेश पासिंगची होती. परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर इथे नव्याने नोंदणी करावी लागते. तिकडचं ना-हरकत, इकडचा कर. शिवाय पंधरा वर्षांच्या मुदतीला दोनच वर्षं उरली होती. चार लाखांचा आकडा तिथेच खोटा ठरला.

नवीन गाडी घेणाऱ्यांसाठी बीएच सिरीजचा पर्याय आहे, 2021 पासून सुरू झालेला. खासगी नोकरदाराला तो मिळतो, पण त्याच्या कंपनीची कार्यालयं किमान चार राज्यांत किंवा केंद्रशासित प्रदेशांत हवीत. राज्याराज्यांत फिरून काम करणाऱ्याला उपयोगी.

रात्री उभी कुठे करायची?

महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. त्यात कॅराव्हॅन आणि त्या उभ्या करायचे कॅराव्हॅन पार्क, असे दोन्ही भाग आहेत. पण धोरण पर्यटकासाठी आहे, वर्षभर गाडीत राहून नोकरी करणाऱ्यासाठी नाही. तुम्हाला जागा ओळखीतूनच मिळणार: कुणाचं अंगण, मिलचं आवार, ढाबा, पेट्रोल पंप, जंगलाच्या गेटाजवळचं रिसॉर्ट. मालकाला विचारा, पोलीस पाटलाला सांगून ठेवा. अनोळखी गाडी रात्रभर उभी दिसली की गावात चर्चा होणारच, आणि ती सकाळपर्यंत काय वळण घेईल सांगता येत नाही. वनजमिनीवर परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही.

वैनगंगेचा काठ फोटोत छान दिसतो. ऑगस्ट 2020 च्या शेवटी मध्य प्रदेशातल्या धरणांचं पाणी आलं आणि भंडारा शहराच्या वस्त्यांत शिरलं. इथे पाऊस नसतानाही नदी चढू शकते. जून ते सप्टेंबर काठावर मुक्काम नाही.

चाकावरचं आयुष्य या भागाला नवं नाही. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्या दिवाळीनंतर वडसा इथून निघतात. मंडई, शंकरपट असेल त्या गावात संध्याकाळी पोहोचायचं, रात्रभर प्रयोग, पहाटे परत. हंगामभर गाडीच घर असते म्हणा ना. पण त्यांचा तळ वडशाला असतो आणि हंगाम उन्हाळ्याआधी संपतो. मला हे शहाणपणाचं वाटतं. पूर्णवेळ म्हणजे बारा महिनेच असा हट्ट कशाला? ऑक्टोबर ते मार्च गाडीत, एप्रिल-मे घरी प्लगला जोडून किंवा चिखलदऱ्यासारख्या उंचावर. घराचा पत्ता तर सोडूच नका. आधार, मतदार यादी, बँक, विमा, सगळं पत्त्यावर चालतं. पिढ्यान्‌पिढ्या गाड्यांवर संसार करणाऱ्या गाडिया लोहारांना विचारा, पत्ता नसण्याची किंमत काय असते.

मित्राने काय केलं?

बयाणा दिला नाही. त्याऐवजी मे महिन्यात मामाची ईको मागून आणली आणि दोन फेऱ्या तिनेच केल्या. मागची सीट दुमडून आईसाठी गादी, स्वतःसाठी घडीचं टेबल, एक छोटी बॅटरी, एक पंखा, एक थर्मामीटर. पहिल्या दिवशी दुपारी दोनला दवाखान्याच्या उघड्या पार्किंगमध्ये काचा बंद ठेवल्या तर पारा पन्नाशीच्या पुढे. दुसऱ्या फेरीत तो तळघरातल्या पार्किंगमध्ये गेला. तिथे गारवा होता, मोबाइलला दोन काड्या रेंज होती आणि आई दोन तास शांत झोपली.

त्या तळघराच्या तोंडाशी उंचीची आडवी पट्टी आहे. ट्रॅव्हलरची उंची आठ फुटांच्या आसपास किंवा वर जाते, ती त्याखालून गेलीच नसती. हे त्याला तिथे उभं राहिल्यावर कळलं, आणि मला त्याच्या फोनवरून.

आता तो एक ईको बघतो आहे. एमएच-36, पहिला मालक, सीट तशाच ठेवून त्यांच्यावर बसणारा सुटा लाकडी खोका. छतावर सोलर नाही, बॅटरी घरीच चार्ज करायची. ट्रॅव्हलरचं बघू, म्हणतो, आईचं एकदा मार्गी लागू दे. परवा मीटिंगमध्ये मॅनेजरने परत विचारलं, कुठे आहेस म्हणून. याने कॅमेरा चालू करून मागे झोपलेली आई दाखवली.